बिननंबरी पान

नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय माझ्या गुडघ्याच्याच वयाचा आहे. इकडे बसा. हो, वाचला तुमचा अर्ज — आरोपीवर, म्हणजे तुमच्यावर, अन्याय झाला म्हणून कोर्टाने खटला थांबवला, आता नऊ वर्षांचा वकिलाचा खर्च सरकारने द्यावा. रास्त आहे! पण न्यायाधीश म्हणतात, नुसती नजरचूक असेल तर खर्च नाही, कागद जाणूनबुजून दडवला असेल तरच. म्हणून तुम्ही माझ्याकडे. फाइल सांभाळणारा कारकून मीच ना. मग लिहा : नजरचूक. तुमचं त्याने भागणार नाही, पण काय करणार?

त्याचं असं आहे — पोलिसांचे कागद आले की मी पानांना नंबर घालायचो, यादी करायचो, आणि यादीबरहुकूम आरोपीला नकला. तुमची पानं दोनशे बारा. काय सुबक यादी! आमच्या कोर्टाचं न्यायासाठी नसेल, पण माझ्या अक्षरासाठी नाव होतं. ती बांधून ठेवली आणि तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या वॉचमनचा जबाब आला. एकच पान. औषधं चोरीला गेली त्या दिवशी स्टोअरकीपर रजेवर होता, किल्ली दुसऱ्यानेच नेली. स्टोअरकीपर म्हणजे तुम्ही. तारखेप्रमाणे त्या जबाबाची जागा एकोणिसावी — म्हणजे पुढचे सगळे नंबर खोडा, यादी पुन्हा लिहा! मी तो शेवटी, फाइलच्या पुठ्ठ्याला लागून सारला. नंतर बघू म्हणून. नंबर नाही म्हणून यादीत नाही, यादीत नाही म्हणून नक्कल नाही. तुमच्या वकिलाला स्वप्न पडणार होतं?

विसरलो हो. माणूस विसरतो — म्हणजे, दुसऱ्या वर्षी दिसला पुन्हा. तुम्हीच समोर उभे होतात. 'भाऊसाहेब, पुढची तारीख?' भाऊसाहेब! कारकुनाला इतक्या अदबीने कोण हाक मारतं? फाइल उघडली, तर पुठ्ठ्याला तो चिकटलेला. मी तारीख सांगितली आणि फाइलची गाठ जरा घट्टच मारली. बढती तोंडावर आली होती, आणि अशा चुकीला काय उत्तर देणार? मग दर तारखेला तुम्ही यायचात, आधी बुटात, मग चपलेत. घर विकलंत, तेव्हा बदललेला पत्ता माझ्याकडेच दिलात. मी तो वळणदार अक्षरात लिहिला. सात वर्षं, आणि माझ्या जागी आलेल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात पुठ्ठा झटकला आणि तो जबाब खाली पडला — धूळ होती म्हणून हो, नुसती धूळ!

हे काय, सगळंच लिहून घेताय? मघापासून? — खोडा ते. 'दुसऱ्या वर्षी' तेवढं खोडा. अहो, पेन्शन आहे माझी. आत बायको आहे, तिला यातलं काही... शिव्या द्या. हे पेन कशाला पुढे करताय?

द्या इकडे. सही कुठे, इथे? — थांबा. दोन पानं झालीत. आधी नंबर घाला. दोन्हींना.

हं. आता जा. दार लोटून घ्या.