एकच बोट

…नाही, मॅम नको म्हणूस, निदान घरात तरी नको. पद्मजाताई म्हण. बूट राहू देत रे, इथे कुणी काढत नाही — बरं, काढलेस तर काढलेस, पुण्याची सवय. बस त्या खिडकीपाशी. मधूनमधून विमान डोक्यावरून जाईल, तेव्हा थांबायचं, मग पुढे बोलायचं, दिल्लीच्या या द्वारकेत राहायचं म्हणजे हे आलंच. हं — काय म्हणत होतास तू? सोमवारच्या कॉलवर मी एवढंच म्हणायचं, की माझा थोडा गैरसमज झाला होता, आता सगळं समजलं, आता माझी चार बोटं. चार. पाच नाही म्हणायचं, पाच म्हटलं तर खोटं वाटेल — हे कुणी सुचवलं, युवराज सरांनी? बिल्कुल, ही त्यांचीच अक्कल. आणि एवढं सांगायला तुला पुण्याहून विमानात बसवून पाठवलं, रविवारी सकाळी, का, तर मराठी बाई आहे, मराठी माणसाचं ऐकेल. कौस्तुभ, मुलगा तू चांगला आहेस, चहा घे. पण उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे चहा निवांत पिशील — नाही.

का नाही? तू त्या दिवशी पडद्यावर होतास ना, पुण्याच्या खोलीतून? पडद्यावर हॉल दिसतो, हॉलमधली हवा दिसत नाही. म्हणून ऐक. लोकांना काय वाटतं, ही बाई जुनी, हिला नवीन काही नको. तुलाही तेच सांगून पाठवलं असेल — मान हलवू नकोस, मला माहीत आहे. मी या कंपनीत आले तेव्हा गुडगावात आमची एकटी इमारत, मागे बाजरी, कुंपणावर मोर बसायचे, आणि चार्टर्ड बस चुकली की घरी यायला काही नाही. तिथून इथवर सगळं नवीनच तर शिकत आले. गुडगावचं गुरुग्राम झालं त्याच वर्षी नवी पद्धत म्हणून आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरांचे स्क्रम मास्टर झाले — पाट्या बदलल्या, खड्डे तेच — पण त्याच्याही आधी, कुणी सांगितलेलं नसताना, त्या पद्धतीने काम करणारी पहिली टीम माझी होती. सहा-सात माणसं, दोन आठवड्यांत होईल एवढंच काम घ्यायचं, आणि दोन आठवडे संपले की चालवून दाखवायचं. नुसतं सांगायचं नाही, दाखवायचं. चुकलं तर दोन आठवड्यांचंच चुकलं. मला ते फार आवडलं रे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की ऑफिसात खरं बोलायला जागा आहे. मग वरच्यांना वाटलं, एका टीमला जमतं तर चौदांना का नाही. जमेलही. पण चौदा घरचे स्वयंपाक एका लग्नाच्या पंगतीत वाढायचे म्हणजे मीठ कुणी घातलं आणि कुणी नाही, हे कुणीतरी चाखून बघायला नको? प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने घातलं असेल.

तर तो हॉल. गुरुग्रामचं ते हॉटेल, चौदा टीमा, दोन दिवस, पुढच्या तीन महिन्यांचं सगळं काम ठरवायचं. भिंतभर कार्डं. आणि एका टीमचं काम दुसरीवर अडलेलं असेल तर या कार्डापासून त्या कार्डापर्यंत लाल लोकर ताणून लावायची, म्हणजे नुसतं बघितलं तरी कळतं कोण कुणावर अवलंबून आहे. चांगली युक्ती आहे, मी नावं नाही ठेवत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन त्या भिंतीसमोर उभी राहिले आणि बघते तर काय, निम्म्याहून जास्त टीमांची लोकर एकाच कार्डावर जाऊन अडकलीय. टीम फाल्कन, नोएडा. काम काय, तर हॉस्पिटलकडून विम्याची मंजुरी मागणारा निरोप आला की तो आत घ्यायचा आणि उत्तर परत पाठवायचं. म्हणजे नाडीच. बाकी आपण सगळे हातपाय. मी अंशुमनला विचारलं — माझ्या टीममधला तो, कॉलेजातून थेट माझ्याकडे आला, बोट धरून शिकवलंय त्याला — म्हटलं, अंशुमन, हे फाल्कनवाले बसलेत कुठे? तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मैम, अभी हायरिंग चल रही है." हायरिंग. म्हणजे टीमच नाही. माणसंच नाहीत. भिंतीवर नाव आहे, नावाखाली कामं आहेत, कामांवर सगळ्यांची लोकर बांधलीय, आणि त्या दोरीचं दुसरं टोक धरायला कुणी जन्माला यायचंय अजून.

दुपारी मतदान. हे तुला माहीतच आहे, बोटं वर करायची. हा आराखडा पार पडेल असा पूर्ण भरवसा असेल तर पाच, अजिबात नसेल तर एक. आणि नियम काय? कुणी एक किंवा दोन दाखवली तर थांबायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, हवं तर आराखडा बदलायचा. हा नियम माझा नाही हं, त्यांनीच पैसे देऊन आणलेल्या पद्धतीचा आहे, मागच्या प्रशिक्षणात युवराज सरांनी स्वतः कौतुकाने सांगितला होता. युवराज सर स्टेजवर, मोठ्या पडद्यावर लंडनचे साहेब, बाजूला तुम्ही पुणेकर. सगळ्यांनी हात वर केले — पाच, चार, पाच, पाच. मी एक. आधी त्यांना वाटलं मी काही विचारायला बोट वर केलंय. "जी पद्मजा जी, कोई सवाल?" म्हटलं, सवाल नाही सर, वोट आहे. ते हसले, म्हणाले, अच्छा, सांगा काय शंका आहे. मी म्हटलं, मला काही सांगायचं नाही, एकच विचारायचंय — टीम फाल्कनमधलं हॉलमध्ये कोण आलंय, त्यांनी हात वर करावा. बस, एवढंच. कुणी हलेना. लंडनच्या साहेबांनी पडद्यावर पुढे वाकून बघितलं. युवराज सर म्हणाले, "थोड़ा पॉज़िटिव रहिए," आणि जेवणाची सुट्टी दिली. जेवताना माझ्या टेबलाशी कुणी बसलं नाही, फक्त सरांचा माणूस येऊन सांगून गेला की जेवणानंतर परत मतदान आहे, साहेबांना फोटो हवाय, सगळे हात वर. परत मतदान झालं. परत एक.

आणि माझी टीम? विचार की. तुझ्या डोळ्यांत दिसतोय प्रश्न. माझ्या टीमने पाच दाखवली, दोन्ही वेळा. अंशुमननेसुद्धा. खाली बघत दाखवली, पण पाच. मी त्याला दोष देत नाही — नाही, खरंच देत नाही. त्याने इंदिरापुरमला फ्लॅट घेतलाय, बायको बाळंत व्हायचीय. देत नाही म्हटलं ना. फक्त त्यानंतर त्याने एक फोनही केला नाही, तेवढं… जाऊ दे. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले तर गेटावर कार्ड लागेना. परत लावलं, परत लाल दिवा. तिथला गार्ड मला वर्षानुवर्षं ओळखतो, तो बिचारा दुसरीकडे बघायला लागला. मग एचआरचा फोन — थोडा आराम करा, घरूनच राहा, आम्ही कळवतो. मी रिक्षा करून मेट्रोपर्यंत आले आणि…

थांब, जाऊ दे हे विमान.

हं. तू म्हणशील, एवढं काय त्यात, सॉफ्टवेअरच आहे, अडलं तर दुरुस्त करता येतं. युवराज सर हेच म्हणतात, आधी चालू करू, फाल्कनचं काम नंतर जोडू. अरे, नंतर कधी? तुला सांगते, आमच्या सोसायटीत एक बाई आहे. या सगळ्याच्या आधी तिच्या नवऱ्याच्या हृदयात स्टेंट घातला, इथेच जवळच्या हॉस्पिटलात. सकाळी डॉक्टर म्हणाले घरी जा. कपडे बदलून, पिशवी भरून नवरा पलंगावर बसला. खाली इन्शुरन्सच्या काउंटरवर ती बाई उभी. मंजुरी येईना. का, तर कुठल्यातरी कंपनीने आदल्या रात्री नवीन काहीतरी चालू केलं होतं, आणि निरोप जात होते पण परत येत नव्हते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सिस्टम पेंडिंग दिखा रहा है, मैडम, हम क्या करें." दुपार झाली. तीच मुलगी मग म्हणाली, लवकर काहीतरी करा, तुमचा पलंग रिकामा व्हायची एक म्हातारी पेशंट वाट बघतेय, इमर्जन्सीत स्ट्रेचरवर आहे. आणि ती म्हातारी मला दिसत होती, काचेतून, हिरवी चादर, तिची मुलगी तिच्या कपाळावरून हात फिरवत होती, आणि माझ्या गळ्यात कंपनीचं आयडी कार्ड, धावतपळत ऑफिसातून तशीच आलेले, त्या काउंटरवरच्या पडद्यावर जो शिक्का तोच माझ्या कार्डावर — मी ते उलटं केलं. कोरी बाजू पुढे केली.

…हो. मीच. सोसायटीतली बाई वगैरे कुणी नाही. मला सांगायचं नव्हतं हे, ऑफिसात कुणालाच सांगितलेलं नाही, कारण लगेच म्हणतील, अच्छा, पर्सनल मामला है. म्हणून नव्हतं सांगायचं. ते त्यांना सांगू नकोस. किंवा सांग. सांग खुशाल. पर्सनलच आहे, नाहीतर काय असणार, प्रत्येक मंजुरीच्या मागे कुणीतरी पिशवी भरून पलंगावर बसलेलंच असतं.

अशोक? अशोक बरा आहे आता. पार्कात फिरायला गेलाय, येताना भाजी आणेल. नाही, त्याला यातलं काही माहीत नाही. मी रजेवर आहे असं सांगितलंय. डॉक्टर म्हणतात मनाला ताण नको, आणि हा माणूस माझ्या नोकरीची काळजी माझ्याहून जास्त करतो. त्यामुळे मी रोज हसतमुखाने रजा उपभोगतेय, पडदे धुतले, लोणची घातली. तेवढंच एक खोटं आहे माझ्याकडे. ऑफिसात एक बोट दाखवायला मला काही वाटलं नाही बघ, आणि इथे माझ्याच घरात… तू तो बाकरवडीचा पुडा आणलायस ना, तो लपवूया नंतर, त्याला तळलेलं बंद आहे.

आणि तू किती दाखवली होतीस? पुण्याच्या खोलीत? सांग ना, आता मी एवढं बोलले. — पाच. बरं. आणि तुमचं काम फाल्कनवर नाही अडलेलं? — अडलंय. मग? — बघ, आता चहाच्या कपात बघतोयस. मी रागावले नाहीये. पण मला समजवायला आलेला माणूस तू, आणि तुझंच समजलेलं नाही तुला. फाल्कनची माणसं आधी घ्या, त्यांना काम कळू द्या, तोवर तारीख पुढे ढकला. याहून काय मागितलं मी? माझ्यासाठी काय मागितलं?

बेल. तोच असेल. कौस्तुभ, तू सहज भेटायला आलायस, दिल्लीत दुसरं काम होतं म्हणून — नाही. नको. बस तू, उठू नकोस. मी उघडते.

ये अशोक. दे ती पिशवी. हा कौस्तुभ, आपल्या पुण्याच्या ऑफिसातला. आधी बस, पाणी घे. घेतलंस? अशोक, मी रजेवर नाहीये. मला घरी बसवलंय. सगळे म्हणत होते काम वेळेवर होईल, मी सगळ्यांसमोर सांगितलं होणार नाही, म्हणून. तेच हॉस्पिटलवालं काम, हो, तेच. तुला सांगायला हवं होतं. गोळी बिळी काही आणू? नको? नक्की? असा बघू नकोस माझ्याकडे. — हो, दोनदा विचारलं. दोन्ही वेळा एकच बोट. — तिसऱ्यांदा? सोमवारी विचारणार आहेत, त्याचसाठी हा आलाय. — एकच. तू काहीही म्हणालास तरी एकच. … हसतोस काय रे? इतक्या दिवसांनी हसलास आणि यावर?

ऐकलंस ना कौस्तुभ, झालं तुझं काम. माझ्यासाठी कॉल जोडू नका म्हणावं, आणि जोडलात तर तेच ऐकाल. नीघ तू आता, आम्हाला बोलायचंय. दार ओढून घे जाताना.