मल्हारीआबांची खिशातली हार्डडिस्क

"सोपानराव, तुमचा इश्वास बसायचा न्हाई, पर या खिशातल्या हार्डडिस्कवर मी लिनक्स टाकलंय, विंडोजच्या जागी चालतं ते. कुणाच्याबी कॉम्प्युटरला जोडा, त्यो माझा व्हतो. वरवंडच्या गिरणीला जोडली, तर दळायच्या आधी तिनं पासवर्ड मागितला."

तळेगाव ढमढेऱ्याला शिरूरची जीप अजून भरायची होती. मी मागच्या बाकावर होतो, ते दोघं पुढं ड्रायव्हरशेजारी.

"मग एवढं तापलाय का, मल्हारीआबा?"

"भाचीच्या कॉम्प्युटरवर बसून हे काम केलं, तर ती गावभर सांगती, मामानं बिघडवला."

"बिघडला का?"

"माझी डिस्क लावल्याबगर सुरू व्हत न्हाई म्हणं. माझा काय संबंध? मी आधी झाकण खोललं, तिच्या डिस्कची वायर काढली, मगच लिनक्स टाकलं. तिच्या डिस्कला बोट लावलं न्हाई. उपकाराची ही फेड."

"आजकालच्या पोरी, दुसरं काय."

मधल्या सीटवरच्या मुलीनं तोंडाचा स्कार्फ सोडला.

"मामा, मीच प्रगती. सोमवारी द्यायचा प्रोजेक्ट आत अडकलाय. लिनक्स सुरू करणारा भाग तुम्ही माझ्याच डिस्कवर बसवलाय. आन् झाकणाच्या स्क्रूवरचं वॉरंटीचं सील अजून फुटलेलं न्हाई. वायर कुठनं काढली?"