वैजूने कढई उतरवली

मंडळी, आज एक प्रश्न विचारून सुरुवात करते. उत्तर लगेच देऊ नका — लगेच दिलेलं उत्तर बहुधा शेजाऱ्याचं असतं.

देवाकडे, लेकराकडे आणि म्हाताऱ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. हे आपल्याला कोणी शिकवलं? आईने. उंबरा ओलांडायच्या आधी ती पिशवीत डोकावायची — काय घेतलंस गं? बरोबर? मग आता माझा प्रश्न ऐका. खरी भेट कोणती — देणाऱ्याला शोभते ती, की घेणाऱ्याला सोसते ती?

पेटीवाले बुवा हसले. हसा बुवा. गेल्या दिवाळीत तुमच्याकडे जी फुलदाणी आली होती, ती आता कुठे आहे मला ठाऊक आहे. ती तीन घरं फिरून माझ्या कपाटावर येऊन बसली आहे!

सुदाम्याचे पोहे तुम्हाला पाठ आहेत, म्हणून आज ते नाहीत. आज आख्यान आहे वैजूचं. कोण वैजू? सांगते. नीट बसा, मांडी घाला, घाई नाही.

कृष्णेच्या काठी कुरुंदवाड. तिथल्या एका गल्लीत सगुणाकाकू राहायची. पोटी मूल नाही, काका जाऊन बरीच वर्षं झालेली. पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन बघावं — सोप्यात, पुढच्या पडवीत, पाय ठेवायला जागा नाही. कोण असायच्या तिथे? गल्लीतल्या लेकी. लग्न होऊन गेलेल्या, आणि मागे आईबाप गेले, घराला कुलूप लागलं, अशा. काकूचं म्हणणं साधं होतं. "गल्लीतली पोर दिवाळीला आली आणि कुलूप बघून माघारी गेली, तर एवढी दारं हवीत कशाला या गल्लीला?"

आपली वैजू म्हणजे वैजयंता, काकूच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या हौसाबाईंची एकुलती एक. मिरजेला दिलेली. दर दिवाळीला ती आईकडे यायची, आणि त्या दिवशी भिंतीपलीकडून बायकांच्या हसण्याचा आवाज ऐकायची. आषाढात हौसाबाई गेल्या. आणि दिवाळीच्या तोंडावर काकूचा फोन आला.

"वैजू, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ये गं."

त्या दिवसाचा अर्थ वैजूला माहीत होता. भिंतीच्या अलीकडची लेक आता पलीकडच्या लेकींत जाऊन बसणार होती.

"येते काकू," ती म्हणाली.

आता काय न्यायचं? नवरा दिनकर उत्साही माणूस. तिला घेऊन थेट बाजारात. हे भिंतीवरचं घड्याळ बघ. हे सरबताचे पेले बघ. हा रिबिनीतला सुक्या मेव्याचा डबा बघ, आत बदाम कमी आणि कागदाची फुलं जास्त. दुकानदार विचारतो, "कोणासाठी पाहिजे?" दिनकर सांगतो, "एक काकू आहेत." दुकानदार म्हणतो, "मग हे काकूंना चालतं." जणू काय साऱ्या काकू एकाच साच्यातून काढल्यात!

वैजू दुकानातून तशीच बाहेर आली.

"काय झालं? आवडलं नाही काही?" दिनकर मागून.

"आई म्हणायची, आधी माणूस बघावं, मग बाजार. आपण उलटं करतोय."

"मग घरी कर काहीतरी. करंज्या कर. तुझ्या करंज्या म्हणजे..."

"कढई चढवावी लागते त्याला," वैजू म्हणाली, आणि दिनकरने करंज्यांचा विषय सोडला.

कारण वैजूने ठरवलं होतं — आईचं वर्ष होईपर्यंत आपल्या हाताने कढई चढवायची नाही. घरचं तळण जावेने केलं. आता तुमच्यातला एखादा शास्त्री म्हणेल, लग्न झालेल्या लेकीला सुतक तीनच दिवसांचं. असेल. पण लेकीचं दुःख शास्त्राला विचारून येत नाही, आणि तीन दिवसांनी उठून जातही नाही. आपण त्यावर बोलायला नको. पुढे चला.

तर कढईशिवाय जे होतं ते तिने केलं. डाळी भाजून मेतकूट दळलं. शेंगदाण्याची चटणी कुटली, पार तेल सुटेपर्यंत. लिंबाचं लोणचं घातलं. आणि भरायला घेतला एकावर एक बसणाऱ्या तीन पुडांचा डबा — नवा, लखलखीत, कडीचा. का एवढा मोठा? आपल्याकडे डब्याच्या आकारावरून माया कळते ना! लहान डबा नेला तर लोक म्हणतील, हात आखडता आहे.

झालं. त्या दिवशी वैजू काकूच्या दारात. काकूने ओवाळलं, तोंडावरून हात फिरवला. आणि मग तिची नजर गेली डब्यावर. तीन पूड! चेहरा हसराच राहिला, पण खांदे — खांदे जरासे खाली आले. वैजूने ते पाहिलं. अर्थ कळला नाही.

सोपा भरलेला. शिरोळची मालनअक्का सगळ्यांत थोरली, जिभेने तिखट. कोणाची सासू, कोणाचा नवरा, एकेकाची हजेरी चाललेली. मालनअक्काने हात धरून वैजूला शेजारी बसवलं. "ये. इथं रडायचं असलं तर पहिल्या घासाआधी रडून घ्यायचं. नंतर नुसतं हसायचं. नियम आहे." वैजूला तिथल्या तिथे हसू आलं. मंडळी, आषाढानंतर ती पहिल्यांदा अशी हसली. तिला वाटलं, माहेर गेलं नाही. एका भिंतीपलीकडे सरकलं, एवढंच.

जेवणं उरकत आली आणि काकू दारात येऊन उभी राहिली. पदराने घाम टिपला.

"पोरींनो, हे यंदाचं शेवटचं. पुढल्या दिवाळीला मी पुतण्याकडं, इचलकरंजीला. आता व्हत न्हाई."

काकू आत निघून गेली. तुम्ही वैजूच्या जागी बसून बघा. जिला माहेर सकाळी परत मिळालं होतं, तिचं ते दुपारी बंद झालं.

ती उठली आणि काकूच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. काय दिसलं?

फळीवर डब्यांची रांग. पितळी, स्टीलचे, झाकणाला रंगीत दोरे बांधलेले — कोणता कोणाचा हे विसरू नये म्हणून. निम्मे भरलेले, निम्मे उघडे. चुलीवर कढई, तेल तापलेलं. काकूच्या उजव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं, आणि त्याच हाताने ती चकलीचा सोऱ्या दाबायला बघते आहे. बाहेर लेकी हसताहेत, आत ही तळते आहे. आणि ओट्यावर, सगळ्यांत पुढे, वैजूचा तीन पुडांचा डबा — आ वासून.

"काकू, हे कोणासाठी?"

"तुमच्या डब्यांसाठी, आणि कोणासाठी? लेकीचा डबा माहेराहून रिकामा धाडू व्हय?"

आता आलं ध्यानात? प्रत्येक लेक मायेने डबा आणते. आणलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली रीत. म्हणजे जेवढी माया येईल, तेवढं तळण वाढेल. वर्षाला एक-दोन लेकी नव्या, तेवढे डबे नवे. देणारीला वाटतं, मी काकूचं ऋण फेडलं. आणि काकू बिचारी मनगट बांधून सोऱ्या दाबते आहे!

"मग सांगितलं का नाहीस?" वैजूने विचारलं.

"काय सांगू? लेकीला म्हणू, येताना काही आणू नको? वाईट न्हाई वाटणार?" काकूचा आवाज खाली गेला. "मला तुम्ही हव्यात गं. गेल्या साली तुम्ही सगळ्या येऊन गेलात, आणि कोणाचं काय चाललंय ते मला धड ठाऊक न्हाई. मी इथंच होते."

वैजूने ओट्यावरचं फडकं घेतलं. कढईचे कान धरले.

"अगं, काय करतेस? तुझं आईचं वर्ष... तू कढई चढवत न्हाईस ना?"

"चढवत नाहीच काकू," वैजू म्हणाली. "उतरवायला कुठं बंदी आहे?"

आणि कढई खाली ठेवली.

थांबा. मृदंगवाले, जरा हात राहू द्या. हे ऐकण्यासारखं आहे. ज्या व्रताने ती अडली होती, त्याच व्रतातून तिला वाट सापडली. बाजार पालथा घालून जी भेट मिळाली नाही, ती चुलीवर होती — आणि ती आणायची नव्हती, उतरवायची होती.

मग वैजूने रिकामे डबे उचलून सोप्यात आणले आणि सगळं सांगितलं. मालनअक्का तडकली.

"म्हणजे आम्ही आणलेलं काकूला जड झालं?"

"हो."

"तोंडावर सांगतेस?"

"माझाच डबा सगळ्यांत मोठा आहे, अक्का."

आधी एकजण हसली, मग दुसरी, मग खुद्द मालनअक्का. पण लगेच म्हणाली, "ते खरं गं, पण रिकामा डबा नेऊ कसा? माझी सासू दारातच झाकण उघडून बघते."

वैजू कोठीतली ज्वारी सुपात घेऊन आली. काकूला झोपाळ्यावर बसवलं, सूप तिच्या मांडीवर दिलं. "काकू, तू फक्त मूठ मूठ घाल. माहेरचं धान्य आहे. यापेक्षा भरलेला डबा कोणत्या सासूने पाहिलाय?"

एकेक लेक डबा पुढे धरते, काकू डाव्या हाताने मूठभर ज्वारी घालते, आणि घालता घालता विचारते — तुझ्या थोरल्याचं लग्न ठरलं का गं? तुझ्या गुडघ्याचं काय झालं? सुपातली ज्वारी सरता सरेना, कारण बोलणंच सरेना.

उरलेली ज्वारी वैजूने परसदारी नेली. जातं पुसलं. "कण्या भरडू. ताककण्या करू काकूला."

"मिक्सरला लाव की," कोणीतरी म्हणाली.

"मिक्सरला दोघी लागत नाहीत," वैजू म्हणाली, आणि समोर मालनअक्का येऊन बसली.

दोघींनी खुंटा धरला. बाकीच्या भोवती. एकीने ओवी धरली, दुसरी शब्द विसरली, तिसरीने भलतेच घातले, ओवीत मालनअक्काची सासू आली आणि परसात हसण्याचा नुसता दंगा झाला. मऊ कण्या शिजल्या. वर ताक, मीठ, ठेचलेला लसूण. पहिलं ताट कोणाला? काकूला. आणि भोवती सगळ्या उभ्या — तिचा पहिला घास बघायला.

काकूने घास घेतला. डोळे मिटले.

"चार दिस तळणाच्या वासात होते. तोंडाला चवच नव्हती." दुसरा घास घेतला. "हौसा अशाच करायची. जरा घट्ट."

"आई लसूण जास्त घालायची," वैजू म्हणाली.

"घालायची. आणि मी वरडायची तिच्यावर." काकूने ताट पुढे केलं. "वाढ अजून. लसूण घाल."

ताट पुसून झाल्यावर काकू म्हणाली, "पुतण्याला फोन लावा गं कोणीतरी. म्हणावं, म्हातारी दिवाळीला येत न्हाई. तूच बायकापोरं घेऊन इकडं ये."

"आणि त्याला सांगा," मालनअक्का म्हणाली, "येताना डबा आणलास तर दारातनं परत!"

तर मंडळी, वैजूची गोष्ट सांगून झाली. आता तुमची.

आज उत्सवाचा दिवस. कीर्तन उठलं की प्रसादाच्या पंगती बसतील. येताना तुम्ही नारळ आणलेत, पेढे आणलेत, हार आणलेत. देवापुढे रास लागली आहे. छान. पण मला सांगा, आत्ता या घटकेला, या भिंतीच्या मागे चुलीपाशी कोण आहे? कोणाची आई आहे? कोणाची सून आहे? तुम्ही इथे भक्ती करताय, आणि जी तुम्हाला वाढणार आहे तिच्या कानावर या कथेतला एक शब्द पडलेला नाही. देवाला तुमच्या नारळाचं कौतुक आहे, पण त्याला हेही दिसतं.

गजर मी आत्ता म्हणणार नाही. टाळ मांडीवर ठेवा. पुढच्या रांगेतल्या चौघा बाप्यांनी उठावं, मागे जावं, आणि त्या बायांच्या हातातले झारे घ्यावेत. करपलं तर करपू दे, करपलेलं आम्ही गोड मानून खाऊ. त्यांना हात धुऊन इथे येऊ द्या. बायकांनो, सरका जरा, पुढची जागा मोकळी करा.

उठा की बाप्यांनो. त्या येऊन बसल्या, की मग आपण देवाचं नाव घेऊ.