दिलीपची राहिलेली ओव्हर

मंडळी, शुक्रवारी सकाळी आपण भेटतो ते इथे मस्कतला, अझैबाच्या खडीच्या मैदानावर. आज या हॉलमध्ये जमलोय, आणि दिलीप नाही. मी विकेटकीपर माणूस, मला ओरडायची सवय, भाषणाची नाही. पण आज बोलणार.

मंगळवारी साइटवर दिलीपच्या छातीत कळ आली आणि खलास. उद्या त्याला गावी नेतायत.

दिलीप आमच्या गावच्या बौद्धवाडीतला, मी मोहल्ल्यातला. गावात टीम वाडीवाडीच्या. दर मे महिन्यात देवळाच्या मैदानावर स्पर्धा होते, पण बौद्धवाडीला त्यात प्रवेश नाही. त्यांनी खाडीकाठी खेळायचं. बोलिंगच्या सरावाला मात्र दिलीप सगळ्यांना हवा. भल्याभल्यांची दांडी गुल करायचा. दांडी उडाली की बाकीचे एकमेकांना टाळ्या द्यायचे. दिलीपला लांबूनच शाब्बास.

इथे आला आणि पहिल्याच शुक्रवारी त्याने विकेट काढली. आपण सगळे धावलो, मिठ्या मारल्या. हा हात खाली सोडून उभा. मी विचारलं, "काय रे, आनंद नाय झाला?" म्हणाला, "झाला रे. सवय नाय."

सवय नाय.

मग लागली सवय. विकेट पडली की माझ्या अंगावरच उडी. माझं कंबरडं मोडायचं. आमच्या मालकाने, अर्बाबने, एकदा विचारलं, हे दोघे भाऊ का? म्हटलं, त्याहून वाईट.

गेल्या मे महिन्यात दोघे सुट्टीवर होतो. मी मोहल्ल्याच्या टीममध्ये त्याचं नाव दिलं. स्पर्धेच्या समितीने खोडलं. म्हणे, ज्याने त्याने आपल्या वाडीतून खेळायचं. आणि त्याच्या वाडीला तर प्रवेशच नाही. हा कुठला न्याय? मी भांडायला उठलो, तर दिलीपनेच मला खाली बसवलं. "पुढच्या वर्षी बघू. तिथे एक ओव्हर टाकल्याशिवाय मी सोडणार नाय."

पुढच्या वर्षी दिलीप नाही. आपण आहोत.

समितीचे अध्यक्ष आज गावी दिलीपच्या घरी भेटायला आलेत, तिथून फोनवर आपल्याला ऐकतायत. काका, बरं झालं आलात. आता ऐका. या मे महिन्यात मस्कतहून एकच टीम येणार, इन्शाल्ला. त्यात मोहल्ला असेल, बौद्धवाडी असेल, तुमचा पुतण्यासुद्धा असेल. तो इथे माझ्याजवळच उभा आहे. पहिली ओव्हर दिलीपचा भाऊ टाकेल. खोडायचं असेल तर आमची अकराही नावं खोडा.

चला, सगळे उभे राहा. दोन मिनिटं शांत राहू. पण हात जोडून नको. शेजारच्याचा हात धरा, कुठल्या वाडीचा ते विचारू नका.

काका, तुम्हीपण. तुमच्या शेजारी दिलीपचे वडील बसलेत.