डोंगराखालची सपाटी

कानिफनाथ : आये, बाजूला हो! जेसीबीचं बकेट फिरतंय, दिसत न्हाई का? भाकर तिकडं झाडाखाली ठेव आन् घरी जा.

बनुबाई : भाकर न्हाई आनली. आधी ते धूड बंद कर.

कानिफनाथ : आता? सांजंपातुर पायाचे चर व्हायला पायजेत. उद्या पुन्याची मान्सं बंगले बघायला येनारेत. तीस बंगले, आये! म्होरं धरनाचं पानी, मागं डोंगर.

बनुबाई : मागं डोंगर हाय म्हनूनच आलेय. ही जागा त्या सायबाला दावली कुनी?

कानिफनाथ : मीच. गावात कुनी नांगरत न्हाई, गुरं बांधत न्हाई. म्हनलं, रिकामीच हाय. सायबानं खूश हून काम मलाच दिलं. का गं?

बनुबाई : नवा भात निघाला की पयला घास आपन हितं ठिवतो. कशापायी?

कानिफनाथ : डोंगराला निवद. ल्हानपनापासनं बघतोय की.

बनुबाई : पोरांना तसंच सांगायचं ठरलं हुतं. निवद डोंगराला न्हाई रं.

कानिफनाथ : मग?

बनुबाई : हितं नऊ घरं हुती. मी सात वर्साची. बापासंगं राजूरला आत्याकडं गेल्ते. तीन दिस पाऊस खळला न्हाई. परत आले तर कडा खाली आलेला आन् वाडी न्हाईच. माझी आई चुलीपाशी आसंल. भाऊ पाळन्यात हुता.

कानिफनाथ : काढलं न्हाई कुनी?

बनुबाई : एवढाल्या धोंड्यांपुढं टिकाव किती चालनार? बाप म्हैनाभर उकरत बसला. मग म्हनला, आसू द्या हितंच. पर वर कुनी घर बांधू नका. आता तुझी ती पुन्याची मान्सं हितंच पाळना टांगनार.

कानिफनाथ : चाळीस वर्साचा झालो मी. एका शब्दानं बोलली न्हाईस!

बनुबाई : बोलले आस्ते तर तुला या डोंगराखाली झोप लागली आस्ती का? भ्या वाटलं मला. चुकलंच माझं.

कानिफनाथ : आये... सकाळी त्या कोपऱ्यात वाटायचा पाटा निघाला. मी ट्रॅक्टरात टाकून भरावाला धाडला.

बनुबाई : फुटका हुता?

कानिफनाथ : न्हाई. धड हुता.

(जेसीबी बंद होतो. कानिफनाथ खाली उतरून फोन लावतो.)

कानिफनाथ : सायेब, काम थांबिवलंय... न्हाई, डिझेल हाय. मशीनबी चांगलं हाय... दुसरा डायवर धाडू नका, मी चरातनं हलनार न्हाई... सायेब, खाली माझी आज्जी हाय.