इंजिनाच्या तोंडाला माझं नरसाळं

धरणगावात होते मी, होता माझा नातू पंकज आणि होतं त्यानं घरीच बनवलेलं इंजिन. त्यात तिकोनी चकती गरगर फिरायची अन् ते पेट्रोल घटाघटा प्यायचं. धुळ्याचे गॅरेजवाले नाना ते बघायला आले. पटलं तर पंकजला काम देणार होते.

इंजिन सुरू झालं अन् मी हबकलेच! हवा ओढायच्या नळीला माझं हरवलेलं तेलाचं नरसाळं!

"अरे, हाई मन्हं नरसाळं शे!" मी ते उपटलं. इंजिन आचके देत बंद पडलं.

"आजी, काय केलंस! त्यानंच हवा नीट आत जाते, पेट्रोल कमी लागतं!" पंकज रडवेला झाला.

त्यानं ते परत बसवलं. इंजिन सुरळीत चालू.

नाना हसले. "अक्का, तुम्ही उपटलं म्हणून तर मला पटलं! भाऊ, सोमवारपासून ये कामाला. नरसाळं घेऊन."

मी अजून वाटीनंच तेल ओतते. पण पंकज धुळ्यात कमावतो.