शेजारचा ब्रेक

…आणि वर म्हणते, खेळा! ऐकलंत? खेळा! अहो, चष्मा लागलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या, लेकीचं लग्न होऊन गेलेल्या माणसाला एक मनाची डॉक्टर समोर बसवून सांगते की तुमच्या काळजीवर औषध म्हणजे खेळ! मी म्हटलं, बाई, काय खेळू? लपंडाव? मला काळजी सापडत नाही असं थोडंच आहे? ती सकाळी माझ्याआधी उठून बसलेली असते! त्यावर ती हसली. इथे माझा जीव जातोय आणि ही हसतेय.

आता तुम्हाला सांगतो, माझा धंदाच तसा. मी लोकांना गाडी शिकवतो. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? त्यात काय एवढं?! अहो, ज्याला गाडी येत नाही नेमकं त्याच्याच शेजारी रोज जाऊन बसायचं! ज्याला येते तो कशाला येईल माझ्याकडे? एक जण कसाबसा तयार होतो, माझा जीव जरा भांड्यात पडतो, की तो टाटा करून निघून जातो आणि नवा येतो, त्याला क्लच आणि ब्रेक समजावून सांगावं तर म्हणतो, ‘सर, मग हॉर्न पायाने वाजवायचा का?’ अशा माणसाबरोबर भर रस्त्यात! म्हणून आमच्या गाडीत एक सोय असते, शिकवणाऱ्याच्या पायाशीसुद्धा एक ब्रेक असतो. शेजारचा ब्रेक. शिकणाऱ्याने गोंधळ घातला तर मास्तरने दाबायचा. घातला तर! माझं मात्र गोंधळाच्या आधीच… समोर कुत्रं दिसलं, दाबला. कुत्रं नाही, पिशवी होती, पण उडाली ना ती, दाबला. रस्ता रिकामा आहे? इतका रिकामा का आहे? दाबला! तुम्हाला सांगतो, पाय जातोच!

घरीसुद्धा तेच. टीव्हीवर ट्रक आला, मी सोफ्यावर बसल्या बसल्या पायाने टीपॉय ढकलला, चहा बायकोच्या मांडीवर. शिवाय कॉलर चघळायची सवय. घाबरलो की शर्टाची कॉलर आपोआप तोंडात. माझे सगळे शर्ट एका बाजूने नवे आणि एका बाजूने कुरतडलेले. बायको नर्स आहे, ती काही लवकर वैतागत नाही, पण एकदा इस्त्री करता करता म्हणाली, ‘अहो, घरात उंदीर असते तर त्यांनीसुद्धा थोडी लाज बाळगली असती.’

तर एक दिवस आमच्या मालकांनी बोलावलं. समोर माझा विद्यार्थी बसलेला, निवृत्त हेडमास्तर, ताठ, शिस्तीचे. ते म्हणाले, ‘मी अजून गाडी चालवलेलीच नाही. मी नुसतं स्टिअरिंग धरतो, बाकी सगळं हेच करतात, आणि हे फक्त थांबवतात!’ मालक माझ्याकडे बघून म्हणाले, ‘मास्तर, आपण गाडी चालवायला शिकवतो की उभी करायला? जमत नसेल तर सांगा, मी दुसरा बघतो.’ दुसरा बघतो! आता या एका काळजीची भर. घरी येऊन बायकोला सांगितलं, सांगताना कॉलर तोंडात होती म्हणून तिला अर्धंच कळलं, पण तेवढ्यावर तिने दुसऱ्या दिवशी मला तिच्या हॉस्पिटलातल्या त्या मनाच्या डॉक्टरपुढे नेऊन बसवलं.

तिच्या टेबलावर भोवरा, गोट्या, चावीचा बेडूक. मी विचारलं, मुलंबाळं येतात का इथे? म्हणाली, ‘नाही, खेळणी माझीच आहेत.’ मी दाराकडे बघून घेतलं. मग म्हणते कशी, ‘हे बघा, पायाला नको म्हणाल तर तो मुळीच ऐकणार नाही. त्याला दुसरीकडे रमवा. कॉलर तोंडाशी आली की शीळ घाला, शीळ आणि कॉलर एका तोंडात मावत नाहीत. आणि ज्याची भीती वाटते त्याला गमतीचं नाव द्या, त्याच्याशी बोला.’ मी म्हटलं, ट्रकशी बोलू? म्हणाली, ‘नातेवाइकांशी बोलता ना? तसंच.’

मी मनात म्हटलं, ही बाई बरी आहे ना? पण दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या शेजारी बसलोय, समोरच्या वळणावरून एक भली मोठी बस अंगावर येतेय, पाय उचलला गेला, आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, ‘आले! सासरेबुवा आले!’ हेडमास्तर दचकून म्हणाले, ‘कुठे?’ मी म्हटलं, ती बस हो! आमच्या सासरेबुवांचं असंच, वळताना मागे बघत नाहीत, हात दाखवत नाहीत, आणि धक्का लागला तर चूक आपली. आपणच थांबावं, जाऊ द्यावं. हेडमास्तर थांबले. स्वतः! स्वतःच्या पायाने! आणि मग त्या ताठ माणसाला अशी काही गोडी लागली, काय सांगू! ‘मग हा सिमेंटचा ट्रक कोण?’ म्हटलं, मोठे साडू, पोट बघा कसं गरगर फिरतंय, लांबच राहा. ‘आणि ही मध्येच घुसणारी स्कूटर?’ धाकटा मेव्हणा. लाल सिग्नल लागला. हेडमास्तर स्वतःच म्हणाले, ‘सासूबाईंनी डोळे वटारले!’ आणि गाडी रेषेच्या आत उभी.

त्यातली गंमत मला नंतर कळली. नाव द्यायचं म्हणजे समोरची गाडी नीट बघावी लागते, आणि नीट बघितली की दिसतं, अरे, ही तर अजून लांब आहे. हेडमास्तर पास झाले. मालक खूश. मी दिवसभर शीळ घालत हिंडतोय, कॉलरी शाबूत, आणि वाटायला लागलं, सुटलो बुवा एकदाचा!

सुटतोय कसला! बायको एके दिवशी म्हणाली, ‘अहो, मला घरोघर जाऊन रुग्ण बघायचं काम मिळतंय. जे अंथरुणातून उठू शकत नाहीत ना, त्यांच्यासाठी. हॉस्पिटल गाडी देणार, पण लायसन हवं.’ किती वर्षं तिला हे काम हवं होतं, मला माहीत आहे. तोंडावर असा आनंद, की नाही म्हणायची माझी काय बिशाद? ‘आणि शिकवायचं तुम्हीच!’

आता इतर लोक वेगळे हो. त्यांचं काही झालं तर वाईट वाटेल, दोन दिवस जेवण जाणार नाही. पण ही? हिला काही झालं तर मी कुठे जाऊ? मला साधा माझा दुसरा मोजा सापडत नाही तिच्याशिवाय. ती स्टिअरिंगवर बसली आणि मी तिचा पट्टा दोनदा ओढून बघितला. खेळ चालू केला, नाती तेवढी बदलली, आता तीच बस तिचे मामंजी झाली, म्हणजे माझेच वडील. ती हसतेय, ‘या मामंजी, तुम्ही पुढे व्हा,’ म्हणतेय, मीही हसतोय, आणि खाली… तुम्हाला सांगतो, पाय जातोच! अगदी हळूच. तिला कळू नये इतका हळू. वर तोंडाने खेळ आणि खाली पायाने ब्रेक, असं आमचं सगळं शिक्षण झालं.

परीक्षेचा दिवस आला. लायसनच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसलोय. ती शांत. मी तिच्याहून शांत, म्हणजे शीळ घालतोय, पण आवाज येत नाहीये. आणि ती माझ्याकडे वळून म्हणते, ‘अहो, मला ना ब्रेकचीच धास्ती होती. पण किती हलका असतो हो ब्रेक! पाय नुसता टेकवायचा अवकाश, नुसतं मनात आणलं की गाडी थांबते!’

नुसतं मनात आणलं की!

अहो, माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती नव्हती थांबवत, मी थांबवत होतो! एकदासुद्धा, अहो एकदासुद्धा तिने तो ब्रेक पूर्ण दाबलेला नव्हता! आणि परीक्षा कार्यालयाच्या गाडीत. आणि त्या गाडीला शेजारचा ब्रेकच नाही! मी म्हटलं, अगं… म्हणाली, ‘काय?’ मी म्हटलं, अगं, आज जरा जोरात दाब. म्हणाली, ‘का? दुसऱ्यांची गाडी म्हणून?’ मी म्हटलं, हो… दुसऱ्यांची गाडी म्हणून. खरं सांगायला तोंड उघडतोय तोवर आतून पुकारा झाला.

परीक्षा घेणारे साहेब, चेहरा असा की हसले असतील तर ते लहानपणीच. म्हणाले, ‘मागे कुणी बसलं तर चालेल, पण तोंड बंद.’ तोंड बंद! म्हणजे खेळ बंद! मी मागे बसलो, साहेबांच्या बरोबर मागे. गाडी निघाली. पहिला चौक. सिग्नल लाल. ती पाय टेकवते… गाडी चाललीय. ती मनात आणते… गाडी चाललीय! ‘अगंबाई!’ म्हणाली आणि असा काही ब्रेक मारला की साहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि मी साहेबांच्या सीटच्या पाठीवर. तिने आरशातून मागे माझ्याकडे बघितलं. एकच क्षण. पण तुम्हाला सांगतो, तिला सगळं कळलं. इतके दिवस कुणाचा पाय होता ते सगळं कळलं. मी कॉलर तोंडात घातली.

पुढे मग काय विचारता! सायकल आली, माझा पाय साहेबांच्या सीटमध्ये. रिव्हर्स घेतला, पाय सीटमध्ये. साहेब न वळता म्हणाले, ‘मागे काय म्हैस बांधलीय का?’ आणि हिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलेलं मला दिसतंय. मानेवर घाम. मला बोलायची बंदी. मनातल्या मनात म्हणतोय, खेळ गं, खेळ… आणि तिचा आवाज आला, बारीक, कापरा, ‘आले… मामंजी आले… जाऊ द्या त्यांना.’ बस गेली. ती थांबली होती, कुठेही धक्का नाही. ‘आणि हे पोटवाले भाऊजी… लांबून, लांबून.’ साहेब म्हणाले, ‘कुणाशी बोलताय?’ ती म्हणाली, ‘सासरच्यांशी.’ साहेब गप्प झाले. सासरच्यांचा विषय निघाला की माणसं गप्प होतात.

आणि तेवढ्यात एक रंगारी. खांद्यावर लांब शिडी, वर पाटीकडे बघत, पाठमोरा, मागे मागे चालत, सरळ रस्त्यात! अहो, याला कुठलं नातं? याला नाव द्यायला वेळ कुठला? मी डोळे मिटले आणि जीव खाऊन पाय मारला… खटकन काहीतरी सुटलं, साहेबांची सीट साहेबांसकट सरकून पुढे, आणि गाडी थांबली. थांबली! मी डोळे उघडले. शिडीचं टोक बॉनेटसमोर, रंगारी अजून पाटीकडेच बघतोय, त्याला पत्ताच नाही. माझी छाती भरून आली. म्हटलं, थांबवली! मी थांबवली!

आणि मग लक्षात आलं. मी मागे होतो. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता, साहेब होते. गाडी तिने थांबवली होती. एकटीने. तुम्हाला सांगतो, मला रडू आलं, अगदी नाक वाहीपर्यंत.

साहेब डॅशबोर्डला चिकटलेले, गुडघे हनुवटीशी. मी म्हटलं, झालं, गेलं लायसन, गेलं तिचं काम, माझ्या एका पायापायी. ते कसेबसे मागे सरकले. गाडी उभी केल्यावर कागदावर सही करत म्हणाले, ‘पास.’ मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, ‘ते सासरच्यांचं काय होतं हो? नाही, म्हणजे… मी रोज अनोळखी लोकांच्या शेजारी बसतो. ब्रेक मलाही नाही. घरी जेवायला बसलो तरी पाय ब्रेक शोधत असतो.’ बायकोने तिथल्या तिथे त्यांना डॉक्टरचा पत्ता दिला. मला वाटलं होतं हा माणूस दगड आहे, तर तो आमच्यातलाच निघाला.

घरी येताना ती मला एवढंच म्हणाली, ‘पुन्हा माझा ब्रेक दाबायचा नाही.’ आता कामाला निघताना ती मला सोडते, आणि मी पुढच्या सीटवर मांडी घालून बसतो, ही तिची अट. ती छान चालवते. मग मला उतरवते, हात हलवते आणि निघते, एकटी. कुठल्या कुठल्या गल्ल्या, कुठले कुठले चढ, कुठले कुठले मामंजी समोरून येत असतील! आणि इकडे मी नव्या शिकणाऱ्याच्या शेजारी. कालचीच गोष्ट, मोकळा रस्ता, पोरगी इतकी सुरेख चालवत होती, आणि गाडी खाडकन थांबली. ती बिचारी घाबरून म्हणाली, ‘सर, का दाबलात? समोर तर काहीच नव्हतं!’

मी म्हटलं, ‘इथे नव्हतं गं… तिकडे असेल.’